दुखणं एकटीनं अंगावर काढू नका



आमच्या बचत गटात बैठक चुकवली की दहा रुपये दंड आहे. गेल्या वर्षी एका ताईंना आम्ही सलग तीन महिने दंड लावला. त्यांनी काही न बोलता भरला. चौथ्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कारण कळलं. त्यांची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती. दोन तास मांडी घालून बसवत नव्हतं आणि सगळ्यांसमोर आडवं व्हायची लाज वाटत होती. घरचे म्हणायचे, "फोटोत काही निघालं नाही, म्हणजे कामाचा कंटाळा." आणि आम्ही वरून दंड लावत होतो!

दंड परत केला. पुढच्या बैठकीत विचारलं, "तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ काही ना काही दुखतंय, अशा किती जणी?" बारा जणींपैकी सात हात वर झाले. तीन महिन्यांच्या वर राहिलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणं म्हणतात.

मग आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञ ताईंना भेटलो. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, "हे दुखणं खरं आहे." शाळा सुटली तरी घंटा वाजतच राहावी, तसं पुष्कळदा इजा भरून आली तरी शरीराची धोक्याची घंटा बंद होत नाही. काळजी, भीती, अपुरी झोप यांनी ती आणखी मोठ्यानं वाजते. विचार आणि वागणं बदलून तिचा आवाज कमी करायच्या उपचाराला सीबीटी म्हणतात. तो गटातही देता येतो.

हे फक्त शिकलेल्यांसाठी आहे का, असं आम्ही विचारलं. त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचं उदाहरण दिलं. तिथं बेव्हर्ली थॉर्न यांनी गरिबांच्या दवाखान्यांत, वाचन बेताचंच असलेल्या लोकांसाठीही सोप्या भाषेत असे गट चालवले. आठवड्यातून एकदा दीड तास, असे दहा आठवडे. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. गटात आलेल्यांचं दुखणं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झालं होतं.

आम्ही त्या ताईंकडून तीन गोष्टी शिकलो.

पहिली, मनातलं वाक्य पकडायचं. कळ आली की मन म्हणतं, "माझी कंबर गेली, आता मी कुणाच्या कामाची नाही." हे वाक्य गटात मोठ्यानं म्हणायचं. मग बाकीच्या विचारतात, "आज सकाळी भाकऱ्या कुणी केल्या?" हळूहळू वाक्य बदलतं, "आज दुखतंय, पण थोडं थोडं जमतंय."

दुसरी, काम घड्याळावर करायचं. बरं वाटलं की आपण अख्खं शेत खुरपतो आणि मग दोन दिवस अंथरूण धरतो. त्याऐवजी पंधरा मिनिटं खुरपायचं, उठून पाठ ताणायची, दोन मिनिटं चालायचं, मग पुन्हा बसायचं. दुखायची वाट बघून थांबायचं नाही, वेळ झाली की थांबायचं. जमलं की पुढच्या आठवड्यात थोडी मिनिटं वाढवायची.

तिसरी, रात्री झोपताना दहा मिनिटं सावकाश श्वास घेत एकेक अंग सैल सोडायचं.

यानं दुखणं पार जाईल असं नाही. आधी डॉक्टरांची तपासणी हवीच. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. पायातली ताकद गेली, बधिरपणा आला, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, ताप येतोय, वजन उतरतंय, किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर बैठकीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

त्या ताईंची कंबर आजही दुखते. पण त्या बैठकीला येतात. भिंतीकडची जागा त्यांची, अर्ध्या तासानं सगळ्याच जणी उठून उभ्या राहतो. गैरहजर बाईला दंड लावण्याआधी घरी जाऊन यायचं, असा ठरावही आम्ही वहीत लिहिलाय.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच विचारा, "कुणाचं काय दुखतंय?" आणि उत्तर पूर्ण ऐका.