आपल्याच दाव्याचे आपणच पंच?
(वन हक्क समिती सदस्यांच्या शिबिरातलं भाषण)



वन हक्क समितीतला माणूसही जमीन कसतो, त्याचाही दावा असणारच. त्यात गैर काही नाही. पण त्याची पडताळणी कोणी करायची? २००८ च्या नियमांत, नियम ३ मध्ये लिहिलंय: सदस्याचा स्वतःचा दावा असेल तर त्यानं समितीला तसं कळवायचं, आणि त्या पडताळणीत भाग घ्यायचा नाही.

नियम स्वतःच्या दाव्यापुरताच बोलतो. भावाचा, जावयाचा दावा आला तर? तेंदूपत्त्याचा लिलाव आहे आणि आपल्यातलाच एक ठेकेदाराचा मुन्शी आहे, तर? ते ग्रामसभेनं ठरवायचं. ठराव साधा करा: ज्याचा संबंध त्यानं आधी सांगावं, निर्णयाच्या वेळी बाजूला बसावं, कोण बाजूला बसलं ते वहीत लिहावं.

हा ठराव भांडणाच्या आधी करा. नंतर केला तर तो एकाच माणसावर रोखल्यासारखा होतो.

बाजूला बसला म्हणजे चोर ठरला, असं नव्हे. उद्या उपविभागीय समितीपुढं कोणी बोट दाखवलं, तर वहीतली तीच ओळ त्याच्या कामी येईल.

आणि ध्यानात ठेवा, सभेला निम्मे सभासद हवेत. हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात.

जिंदाबाद!