शिधापत्रिकेबाहेरची माणसे

(नागपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



2023 च्या फेब्रुवारीत नागपूर पोलिसांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली एक आदेश काढला. चौकात, सिग्नलवर जमून अथवा घरोघरी जाऊन पैसे मागण्यास तृतीयपंथीयांना मनाई झाली. जबरदस्तीने पैसे उकळले जातात ही नागरिकांची तक्रार सर्वस्वी खोटी होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मिळकतीवर रात्रीची चूल पेटते, ती एका फर्मानाने बंद झाल्यावर त्या चुलीचे काय व्हावयाचे? मनाई करणे पोलिसांच्या हाती असते. पोटाची सोय त्यांच्या खात्यात येत नाही.

अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात दुष्काळांविषयी दाखवून दिले की, बाजारात धान्य असूनही माणसे उपाशी मरतात. कारण त्या धान्यापर्यंत त्यांचा हक्क पोचत नाही. तृतीयपंथीयांच्या आहाराचा प्रश्न याच कसोटीवर पाहावयास हवा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. पण हा हक्क माणसाच्या हाती पडतो तो कुटुंबामार्फत. ज्याला घरच्यांनीच कोवळ्या वयात उंबऱ्याबाहेर काढले, त्याचे नाव गावच्या शिधापत्रिकेवर तसेच राहते. शहरात नवी पत्रिका मागावी, तर जुन्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला पुढे ठेवावा लागतो. आणि ती जुनी पत्रिका असते त्याच घरात! इकडे गुरू आणि चेले एका छपराखाली राहतात, एका चुलीवर जेवतात, दुखण्याखुपण्यात एकमेकांच्या उशाशी बसतात. कुटुंब याहून निराळे काय असते?

आहारशास्त्राची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या आहार-शिफारशींत प्रमाण पुरुष 65 किलोचा, प्रमाण स्त्री 55 किलोची. तिसरा रकाना नाही. रक्तक्षय ठरविताना हिमोग्लोबिनची मर्यादा पुरुषाला 13 ग्रॅम, स्त्रीला 12. इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन स्त्रियांच्या पातळीकडे उतरते, टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचे वर चढते. तेव्हा केवळ केसपेपरवरील लिंग पाहून केलेले निदान फसू शकते. ‘निर्वाण’ झालेल्या, म्हणजे अंडग्रंथी काढून टाकलेल्या व्यक्तीला पुढे संप्रेरके मिळाली नाहीत, तर हाडे ठिसूळ होत जातात. तिला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि डॉक्टरांची देखरेख ही तिन्ही हवीत. रेशनच्या तांदळात कॅल्शियम नावापुरतेच. दूध, तीळ, डाळ विकत घ्यावयाची, ती कशातून? देखरेखीच्या जागी पुष्कळदा असते ते औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट. या गोळ्यांनी शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेटची सवय असेल तर शरीराचे नुकसान दुहेरी होते.

कागदावर तरतुदी थोड्या नाहीत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. 2019 च्या कायद्यात आरोग्यसेवेचे कलम आले. 2022 साली आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला 5 लाख रुपयांच्या विमाछत्राचा करार झाला. शस्त्रक्रियेला 5 लाख, रोजच्या वाटीभर वरणाला काही नाही, असा हा हिशेब आहे! क्षयरोग्याला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 वरून 1000 रुपये झाली, हे चांगलेच झाले. पण ती जमा होते बँकेच्या खात्यात, आणि एका कागदावर जन्मनाव व दुसऱ्यावर स्वीकारलेले नाव असले की खाते उघडतानाच अडते.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात 40,891 माणसे मोजली गेली. भीतीपोटी स्त्री वा पुरुष अशी नोंद करणारे यात नाहीत.

नागपुरातील कार्यकर्त्यांना यात करण्याजोगे काम आहे. अन्नधान्य वितरण कार्यालयात या मंडळींसोबत जावे. जुन्या पत्रिकेतील नाव कमी करण्याचे काम कार्यालयाने संबंधित तहसीलशी परस्पर पत्रव्यवहार करून उरकावे, अर्जदाराला त्या घराच्या दारात पुन्हा उभे करू नये, अशी लेखी मागणी करावी. गुरूच्या घराची नोंद एक कुटुंब म्हणून व्हावी, ही दुसरी मागणी. दोन्ही अर्जांची पोच घेतल्याशिवाय मात्र तेथून हलू नये.