सुरांनंतरची शांतता

कवितेला वृत्त, तशी गाण्याला लय. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. 'याड लागलं'मध्ये व्हायोलिनं संथ लहरतात. 'झिंगाट'मध्ये तीच जवानी धावत सुटते. लय वाढली की काळीज धावतं, शुद्ध गंधार कोमल झाला की सूर उदास होतात. पण नागराज मंजुळे यांनी शेवटी सारे सूरच थांबवले. रक्तात भिजलेली बाळपावलं आणि चिडीचूप.

आमच्या मानवतच्या रस्त्यानं वरात 'झिंगाट'वर नाचत जाते, तेव्हा मला ती शांतता ऐकू येते. उद्या आपल्याच पोरीनं जात न विचारता जोडीदार निवडला, तर आपण नाचणार का?