छिन्नीआधी वही



या भूशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभार लांबवत नाही, कारण मला एक आग्रह मांडायचा आहे. डायनासोरचे अंडे दिसले की आपला हात आधी छिन्नीकडे जातो. तो वहीकडे जायला हवा.

विदर्भात हे बोलण्याला कारण आहे. जबलपूर, धार, गुजरातेतले बालासिनोर आणि आपला चंद्रपूर जिल्हा या पट्ट्यात दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली लॅमेटा स्तर जागोजागी उघडे पडलेले आहेत. त्यांत टायटॅनोसॉर गटाची अंडी मिळतात. चंद्रपूरच्या अंड्यांवरून धनंजय मोहबे यांनी 1996 मध्ये अंड्यांचा एक नवा प्रकारही नोंदवला.

कवचाचा तुकडा भिंगाखाली धरा. बाहेरून बारीक गाठी दिसतात. छेद घेतला की पंख्यासारख्या उलगडत गेलेल्या कॅल्साइटच्या रचना आणि त्यांमधली हवेची छिद्रे दिसतात. अंडे कोणत्या प्रकारचे, हे एवढ्यावरून ठरवता येते. मादी कशी वागत होती, हे मात्र जमीनच सांगते. धार जिल्ह्यात 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवणारा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. घरटी इतकी जवळजवळ होती की मोठ्या जनावराला मध्ये वावरायला जागाच उरत नव्हती. म्हणून माद्या अंडी घालून निघून जात असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. ही अंडी कुणी सुटी सुटी घरी नेली असती, तर मोजायला अंतरच उरले नसते.

गुजरातेतल्या ढोली डुंगरीचे उदाहरण याहून बोलके आहे. 1980च्या दशकात मोहबे यांना तिथे अंडी आणि नाजूक हाडे एकत्र असलेला दगड मिळाला. सगळी हाडे पिल्लाची समजली गेली. पुढे 2001 मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यात सापाचे मणके ओळखू आले. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी अर्धा मीटर लांबीचे पिल्लू! या सापाचे ‘सनाजे इंडिकस’ हे नाव 2010 मध्ये जाहीर झाले. अंडी फोडून वेगळी केली असती, तर साप कायमचा हातचा गेला असता.

याउलट चीनच्या हनान प्रांतातले डायनासोरचे एक पिल्लू अंड्यांसकट अमेरिकेत विकले गेले. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले, पण 2013 मध्ये मायदेशी परतल्यावर, 2017 साली कुठे त्याला शास्त्रीय नाव मिळाले.

म्हणून तीन सूचना करतो. घरटे दिसले की आधी उत्तर दिशा आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा, अक्षांश-रेखांश आणि थर लिहा. उचलणे अटळच असेल, तर जाणकारांच्या देखरेखीखाली, गोणपाट-प्लास्टरचे वेष्टन घालून अख्खा दगड काढा. आणि महाविद्यालयांच्या कपाटांतल्या बिनचिठ्ठीच्या अंड्यांची यादी करून ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्या. त्यांच्या मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरातच आहे. अंडी बहुधा आधी दिसतात ती खाणकामगारांना आणि शेतकऱ्यांना. त्यांचे नाव नोंदीत पहिले असावे.

या सूचनांचा ठराव समारोपाच्या सत्रात मांडावा, अशी विनंती करून मी थांबतो.