विद्यामंदिराची वास्तू
(मठाच्या वर्धापनदिनी पाठशाळेच्या सभागृहात केलेले भाषण)



आपल्या पाठशाळेचे जुने सभागृह पाडून तेथे नवी इमारत उभारावी, असा विचार सध्या चालू आहे. त्याविषयी मत देण्यापूर्वी मी आपणांस बेदरास नेऊ इच्छितो. बेदर म्हटले की आपणांस दामाजीपंत आठवतात, आणि विठू महाराचे रूप घेऊन दरबारी धान्याचे मोल भरणारा पंढरीनाथ आठवतो. त्याच नगरात महमूद गवान या बहमनी वजिराने १४७२ साली बांधलेला मदरसा आहे. धर्म निराळा, भाषा निराळी. परंतु विद्येसाठी घर कसे बांधावे हे त्या वास्तूपासून शिकण्यात आपणांस कसला संकोच?

ही वास्तू सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद असून मध्ये सुमारे १०० फुटांचा चौरस चौक आहे. चौकाभोवती तीन मजले. उत्तर, पश्चिम व दक्षिण या बाजूंच्या मध्यभागी मोठी दालने असून ती तिन्ही मजल्यांची उंची व्यापतात. त्यांची टोके भिंतीबाहेर पैलूदार निघालेली आहेत व वर घुमट आहेत. त्यामुळे अनेक दिशांनी प्रकाश व वारा आत येतो. उरलेल्या भागात आचार्यांच्या व विद्यार्थ्यांच्या खोल्या. म्हणजे राहणे, शिकणे, उपासना आणि ग्रंथसंग्रह ही सारी एकाच छपराखाली! तेथे सुमारे ३,००० हस्तलिखिते होती असे सांगतात. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या व हिरव्या चकचकीत फरश्यांचे जडावकाम होते. त्याचे काही अंश आजही दिसतात.

गवान स्वतः इराणातील गिलान प्रांताचा. राज्याचा कारभार हाती असूनही तो साधेपणाने राहत असे, असे इतिहासकार सांगतात. १४८१ साली बनावट पत्राच्या आधारे त्यास देहान्त शासन झाले. करविता गेला, परंतु अध्ययन चालू राहिले.

मग या वास्तूचा घात कशाने झाला? औरंगजेबाच्या अमदानीत तेथे फौजेचे ठाणे पडले व दारूगोळा साठविला गेला. १६९६ साली त्याचा स्फोट होऊन आग्नेयेकडील भाग व प्रवेशद्वार उद्ध्वस्त झाले. दर्शनी दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे. सव्वादोनशे वर्षांच्या ऊनपावसाने जे केले नाही, ते वास्तूचे प्रयोजन बदलल्याने एका क्षणात झाले.

भक्तजनहो, आपल्या सभागृहात दारूगोळा नाही. पण उत्सवाचे मांडवसाहित्य, तांदळाची पोती आणि मोडकी बाके आहेत. विद्यार्थी ओसरीवर बसून अमरकोश घोकतात. भिंतींना ओल आली, म्हणून आपण त्यांवर सिमेंटचा गिलावा दिला. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडते. म्हणून गिलावा सुटतो आहे आणि भिंत आतून कुजते आहे. हा दोष भिंतीचा नव्हे.

म्हणून माझी नम्र विनंती अशी. पाडण्याचा निर्णय एक वर्ष थांबवावा. प्रथम सभागृह रिकामे करावे. सिमेंट खरवडून, कौले चाळून, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडून डागडुजी करावी. आणि पहिल्याच दिवसापासून तेथे पाठ सुरू करावा. वर्षानंतरही वास्तू निरुपयोगी ठरली, तर नव्या इमारतीच्या पायाचा पहिला दगड मीही वाहीन.

वास्तू दगडचुन्याने उभी राहते. ती टिकते मात्र रोजच्या पाठाने. श्रीगुरूंनी आपणां सर्वांस सद्बुद्धी द्यावी, हीच प्रार्थना.