दूरच्या वाचकाची फेरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता करणाऱ्या माणसानं इंटरनेटच्या वेगावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण एका आवाजापायी मला हा विषय शिकावा लागला.

माझी एक चुलत बहीण लग्न होऊन दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला गेली. आम्ही तिला आपा म्हणतो. कोकणी मुसलमानांचं केपटाउनशी नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमच्या बाजूची माणसं पोटापाण्यासाठी तिकडं गेली आणि तिथंच रुजली. त्यांची नातवंडं, पतवंडं आता इंग्रजी बोलतात, पण घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून कोकणी आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं आमच्या गावाची एक वेबसाइट तयार केली. जुने फोटो, घराण्यांच्या वंशावळी, माझ्या चार-दोन कविता, आणि चाचीनं, म्हणजे आपाच्या आईनं, गायलेली लग्नाची गाणी. चाची आता नाही. कुणाच्या तरी लग्नात टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेला तिचा आवाज तेवढा उरला आहे. भाच्यानं तो कॅसेटवरून उतरवून घेतला. रत्नागिरीत त्याच्या लॅपटॉपवर सगळं कसं झटकन उघडत होतं! आम्ही केपटाउनला कळवलं. आपा फोनवर म्हणाली, "छान केलंत हो."

पुढं वर्षभरानं भाच्यानं हिशेब मांडला. मुंबईचे वाचक होते, आखातातले होते. आफ्रिकेतून मात्र कुणी फिरकत नव्हतं. आमच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "तिसरी पिढी गाव विसरली. त्यांच्यासाठी कशाला खटपट?" मीही मान डोलावली. तुटलेल्या मुळांवर एक कविताही लिहून टाकली.

मग ईदच्या दिवशी फोनवर आपाची नात बोलायला आली. तिनं सहज सांगितलं, "तुमची साइट उघडतच नाही. नुसतं वर्तुळ फिरतं, आणि दादीचा डेटा संपतो." आपानं आईचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती "छान" म्हणाली होती.

ती कविता मी फाडली आणि भाच्याला विचारलं, असं का होतं?

त्यानं कागदावर गणित करून दाखवलं. प्रकाश पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पण इंटरनेटचा प्रकाश समुद्राखालच्या केबलमध्ये, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून धावतो, आणि काचेत त्याचा वेग दोन लाखांवर येतो. मुंबई ते केपटाउन सरळ रेषेत अंदाजे सव्वाआठ हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन यायला सेकंदाचा बारावा भाग तरी लागणारच. केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. त्यातून आमचं पान केपटाउनला लंडनमार्गे जात होतं! घोड्यावरून कोल्हापूरला निघालेल्या माणसानं आधी नागपूर गाठावं, तसं. एका फेरीला जवळजवळ पाव सेकंद जात होता.

पाव सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "मामू, फेरी एकच असती तर मोठं नव्हतं." आपल्या फोनला आधी वेबसाइटचा पत्ता विचारावा लागतो. मग सर्व्हरशी सलाम-दुवा. मग बोलणं तिसऱ्यानं ऐकू नये म्हणून किल्ल्यांची देवाणघेवाण. त्यानंतर कुठं मागणी जाते, "पान द्या." पान आलं की त्यात लिहिलेलं असतं, अमुक अक्षरवळण आणा, तमुक फोटो आणा. पुन्हा फेऱ्या. शिवाय सर्व्हर पहिल्या खेपेला सगळा माल सोडत नाही. रस्ता किती रुंद आहे याचा अंदाज घेत आधी थोडा, सुमारे चौदा केबी पाठवतो. पोच आली की दुप्पट. रत्नागिरीत बसलेल्याला या फेऱ्या जाणवत नाहीत, कारण सर्व्हर मुंबईत, हाकेच्या अंतरावर. केपटाउनला प्रत्येक फेरी समुद्र ओलांडते.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महागातलं कनेक्शन घेतल्यानं हे दुखणं पुरतं बरं होत नाही. नळ रुंद केला तर पाणी जास्त येईल, पण धरण जवळ येणार नाही. प्रकाशाला कुणी हाकू शकत नाही. मग उपाय तीनच उरतात. माल वाचकाच्या जवळ नेऊन ठेवा, फेऱ्या कमी करा, आणि ओझं कमी करा.

पहिल्या उपायाची कथा अमेरिकेतली आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली एमआयटी या संस्थेत होते. वेबवर लवकरच गर्दीचा तुंबारा होणार, हे त्यांनी 1995च्या सुमारास ओळखलं आणि तोडगा शोधायला सहकाऱ्यांना सांगितलं. तिथले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी हे कोडं अंगावर घेतलं. पानांच्या प्रती जगभरच्या सर्व्हरांवर ठेवायच्या आणि ज्याला जो जवळ, त्याला तिथून द्यायचं. कुठली प्रत कुठं ठेवावी, याचं गणित त्यांनी बसवलं आणि 1998 साली 'अकामाई' ही कंपनी काढली. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ चतुर. लेविन 11 सप्टेंबर 2001 रोजी, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात होते. वय अवघं 31. त्या दिवशी बातम्यांसाठी सारं जग वेबवर तुटून पडलं होतं, आणि तो भार पेलणाऱ्यांत त्यांनी रचलेली यंत्रणाही होती.

आता अशी सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, आणि लहान साइटला ती फुकटही मिळते. भाच्यानं ती घेतली. आमच्या गावाची एक प्रत दक्षिण आफ्रिकेतच राहू लागली. यात एक धोका असतो. प्रत शिळी होऊ शकते. गावात कुणी गेलं तर ती बातमी तिकडं जुन्या पानामागं अडकायची. म्हणून फोटोंची प्रत महिनाभर चालेल, पण बातम्यांची दर काही मिनिटांनी ताजी करावी, असं त्यानं ठरवून दिलं.

दुसरा उपाय फेऱ्यांचा. किल्ल्यांच्या देवाणघेवाणीला पूर्वी दोन फेऱ्या लागत, 2018 साली आलेल्या नव्या पद्धतीत एकच लागते. भाच्यानं सर्व्हरवर ती सुरू केली. पानात विखुरलेल्या पंधरा-वीस लहान फायलीही त्यानं एकत्र बांधल्या.

तिसरा उपाय ओझ्याचा, आणि इथं मला माझा धंदा आठवला. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजानं मुंबई ते एडन समुद्राखाली तार टाकली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. तारेला शब्दामागं पैसे पडत, म्हणून माणसं शब्द मोजून लिहीत. भारतातली तारसेवा 2013 साली बंद झाली आणि ती सवयही गेली. आमच्या पहिल्याच पानावर कॅमेऱ्यातून निघालेले चोवीस फोटो जसेच्या तसे होते. प्रत्येकी चार एमबी. कवितेचं वजन विचारलं, तर भाचा म्हणाला, "मराठीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. तरी तुमची कविता दोन केबीच्या आतच आहे." म्हणजे एका फोटोच्या वजनात दोन हजार कविता! एवढ्या मी जन्मात लिहिणार नाही.

फोटो शंभर केबीच्या आत आले, आणि पाहण्यात काही कमी झालं नाही. चाचीचं चार मिनिटांचं गाणं चाळीस एमबीचं होतं, ते दोन एमबीत बसलं. दक्षिण आफ्रिकेत थोडाथोडा डेटा विकत घेणाऱ्या गरिबाला तो श्रीमंतापेक्षा महाग पडतो, असं तिथल्या स्पर्धा आयोगानं 2019च्या अहवालात नोंदवलं आहे. आपासारखीसाठी ओझं म्हणजे नुसता वेळ नव्हे, पैसाही.

या साऱ्यात माझी चूक कुठं झाली, ते मला एका जुन्या प्रकरणावरून उमगलं. 2009च्या सुमारास यूट्यूबमधले अभियंता क्रिस झकारायस यांनी व्हिडिओचं पान एक एमबीहून अधिक होतं, ते शंभर केबीच्या आत आणलं. प्रयोग म्हणून काही लोकांना दिलं आणि वेळ मोजली. सरासरी वेळ चक्क वाढली! पान दहापट हलकं आणि उघडायला उशीर? नकाशा पाहिला तेव्हा उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरिया इथली माणसं आता येऊ लागली होती. पूर्वी त्यांना एक पान उघडायला वीस मिनिटं लागत, म्हणून ती येतच नव्हती. आता दोन मिनिटं लागत होती, म्हणून ती थांबत होती. त्यांची दोन मिनिटं सरासरीत मिसळली. तोवर ती माणसं कुठल्याच हिशेबात नव्हती.

आमच्या हिशेबात आपाही नव्हती. दाराशी येऊन परत जाणारा पाहुणा तक्रार करत नाही. आपण मात्र म्हणतो, त्याला यायचंच नव्हतं. दुकान असो, कचेरी असो की शाळेचा निकाल, पान बनवणारा बहुधा सर्व्हरच्या शेजारी बसलेला असतो, चांगल्या फोनवर. त्यानं एकदा तरी दूरच्या माणसाला विचारावं, तुझ्याकडं किती वेळ लागतो? आणि उत्तर "छान" आलं, तर पुन्हा विचारावं.

काम झाल्यावर आम्ही आपाला फोन केला. नातीनं फोन तिच्यापुढं धरला होता. चार-पाच सेकंद गेली असतील, मग पलीकडून चाचीचं गाणं मला ऐकू आलं. आपा काही बोलली नाही. दुसऱ्या कडव्याला मात्र ती आईबरोबर म्हणू लागली, आणि एका ओळीला थांबून म्हणाली, "इथं आई चुकलीय. लिहून घे, खरा शब्द मी सांगते."

भाच्यानं तो शब्द त्याच रात्री पानावर घातला. पाच बाइटांचा नाही, पंधरा बाइटांचा. मराठी आहे ना!