कोयत्याचा हिशेब



विषमता, मंदावलेली वाढ आणि बदलतं राजकारण असे तीन भारदस्त विषय आपल्या परिषदेच्या पत्रिकेवर आहेत. अध्यक्षाने त्यांचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. मी मात्र बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या एका जोडप्याचा हिशेब मांडणार आहे.

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ उचल कोयत्याला मिळते, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तो ऊस तोडतो; ती पाचट काढते, मोळ्या बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. त्याआधी पहाटेच कोपीत भाकरी थापून झालेल्या असतात. पाळी असो, ताप असो, कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. मजुरी टनावर आणि तीही जोडीची. तिच्या नावाचा वेगळा रुपया वहीत सापडत नाही. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. आपण तो आरोग्याचा प्रश्न म्हणून वाचला. मला तो मजुरीच्या पद्धतीचाही वाटतो: खाडा परवडत नाही, म्हणून शरीरच गप्प करायचं.

मुकादमाला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या अर्थशास्त्राची वही तरी कुठे वेगळी आहे? अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्य मोजलं. त्या कामाचं मोठेपण वादातीत आहे. पण त्यासाठीची आकडेवारी कुटुंबाच्या खर्चाची होती, आणि घरात शेवटी कोण जेवलं हे त्यातून कळत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ८८. राष्ट्रीय उत्पन्नात या भाकरी-धुण्याला जागा नाही.

बाईची वेगळी नोंद झाली ती आपल्या विद्येच्या बाहेर: वि. स. पागे अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. त्यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. मागेल त्याला काम, बाईला आणि पुरुषाला एकच दर, आणि खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. मजुरी रखडायची, खडी फोडण्याची कामं निरुपयोगी ठरायची, ही टीका रास्तच होती. तरी बाई तिथे स्वतःच्या हक्काने मजूर होती.

आता २०२४ च्या ऑगस्टकडे या. लाडकी बहीण योजनेतून पात्र बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जाऊ लागले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ताधारी युती मोठ्या बहुमताने परतली आणि आपल्यापैकी अनेकांनी 'रेवडी' म्हणून नाक मुरडलं. मला ते नाक मुरडणं पटत नाही. जिला बाजाराने अर्धा कोयता मानलं, तिला राजकारणाने निदान एक पूर्ण खातेदार तरी मानलं. मतासाठी का असेना!

माझी तक्रार वेगळी आहे. हे पैसे तिजोरीतून येतात. मजुरीचा दर जिथे ठरतो तिथे काहीच हलत नाही. शिवाय देशाच्या उत्पन्नातला महाराष्ट्राचा वाटा २०१०-११ मधल्या १५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये १३.३ टक्क्यांवर आला आहे. अशा तिजोरीवर किती वर्षं विसंबायचं? मजुरीच्या दराचं पाहा: उसाला किमान दर कायद्याने आहे. तोडणाऱ्याचा दर मात्र साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या करारात ठरतो, तोही टनावर.

मग तोडणी, मोळीबांधणी आणि भरणी यांचे दर वेगवेगळे काढून दोन नावांवर दोन खात्यांत मजुरी देता येईल का? उचलीची फेड कोणाच्या हिश्शातून वळती करायची? प्रसूतीच्या रजेचा भार मुकादमावर, कारखान्यावर की ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळावर? ही उत्तरं ग्रंथालयात मिळणार नाहीत. एक अख्खा हंगाम फडात काढावा लागेल. दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतील. ज्या विद्यार्थ्यांना हे काम घ्यायचं असेल त्यांनी दुपारच्या सत्राआधी मला भेटावं. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे.